चपळ गाडी, भरले घर

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण रूढ झाली, त्या काळी मोटार घेऊन पाहण्याचा प्रसंग आपल्यापैकी फारच थोड्यांवर येत असे. अन्यथा त्या म्हणीला तिसरे पद खचितच जोडले गेले असते. आज मोटार ही चैनीची वस्तू राहिलेली नाही, आणि महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्या घरांत तर तिचे काम थोडे निराळेच आहे. इंदूरकरांना पुण्याच्या लग्नाला जायचे असते, बडोदेकरांना जेजुरीला वा कोल्हापूरला कुलदैवताच्या दर्शनाला जायचे असते, हैदराबादकरांना पंढरपूर गाठायचे असते आणि बेळगावकरांचे अर्धे सोयरे गोव्यात असतात. रोजचे कार्यालय आणि भाजीबाजार ही कामे तर गाडी करतेच. परंतु वर्षातून दोन-चार वेळा घरातील पाच माणसे, फराळाचे डबे आणि डिकीभर सामान घेऊन सहा-सातशे किलोमीटर धावणे, ही आपल्या गाडीची खरी कसोटी होय.

अशा घरांत अलीकडे एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. पंधरा लाखांच्या घरात व त्यापुढे ज्या मध्यम आकाराच्या सेडान मोटारी मिळतात, त्यांतील काही ‘स्पोर्टी’ म्हणून विकल्या जातात. बाहेरून त्या सभ्य गृहस्थासारख्या दिसतात, पण आतले इंजिन तालीमबाज असते असा त्यांचा लौकिक आहे. घरातील तरुण मुलगा जाहिरातीतील सेकंदांचे आकडे वाचून दाखवितो, वडील ‘ॲव्हरेज किती?’ एवढेच विचारतात, आणि आई मागच्या आसनावर आजींचे गुडघे अवघडणार नाहीत ना, याची चौकशी करते. तिघांचेही प्रश्न रास्त आहेत. या गाड्यांकडून चपळाईची जी अपेक्षा धरली जाते ती त्या पुऱ्या करतात का, आणि करीत असल्यास त्या चपळाईचा कुटुंबाला नेमका उपयोग काय, याचा विचार या महिन्याच्या सदरात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. कारण या बाबतीत आपले लोक एकदा नव्हे, अनेकदा पोळले आहेत. १९८४ साली हिंदुस्तान मोटर्सने कॉन्टेसा आणली. लांबरुंद, रुबाबदार, सत्तरीच्या दशकातील इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल गाडीच्या घडणीवर बेतलेली. परंतु त्या थाटाच्या देहात बसविले होते अँबेसेडरचेच जुने दीड लिटरचे इंजिन, सुमारे पन्नास अश्वशक्तीचे. चढणीवर तो देह ओढताना इंजिनाची जी दमछाक होई, ती पाहून ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ या म्हणीची आठवण व्हावी. पुढे इसुझूचे १.८ लिटर इंजिन बसल्यावर गाडीत जीव आला खरा. १९८५ मध्ये मद्रासहून आलेल्या स्टँडर्ड २००० ची कथा याहून करुण. रोव्हरचा देखणा, आधुनिक साचा, आणि आत ज्याची वंशावळ १९४० च्या दशकातील व्हँगार्ड गाडीपर्यंत पोहोचते असे इंजिन! तीन-चार वर्षांत ती गाडी बाजारातून उठली. रूप आणि बळ या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा त्या पिढीने पैसे मोजून घेतला.

जानेवारी १९९८ मध्ये आलेल्या होंडा सिटीने हे चित्र पालटले. हलकी बांधणी आणि दीड लिटरच्या इंजिनाची शंभर अश्वशक्ती. पुढच्या व्हीटेक इंजिनाने तर १०६ चा आकडा गाठला, आणि घरगुती सेडान तरुणांच्याही मनात भरू शकते हे सिद्ध झाले. १९९९ च्या फोर्ड आयकॉनने तीच वाट धरली. पण २००३ साली नव्या रूपात आलेल्या सिटीत काटकसरीला प्राधान्य मिळाले. इंजिन दीड लिटरचेच, पण शक्ती सुमारे ७७ वर उतरलेली. गृहस्थांनी ती आनंदाने घेतली, वेगाचे रसिक मात्र खट्टू झाले. नाव तेच राहिले तरी गाडीचा स्वभाव बदलू शकतो, हे वाचकांनी येथे ध्यानात घ्यावे.

आता अलीकडच्या गाड्यांकडे वळू. २०२२ साली आलेल्या स्कोडा स्लाव्हिया व फोक्सवागन व्हर्टस या सख्ख्या बहिणी पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात तयार होतात. त्यांच्या दीड लिटरच्या टर्बो इंजिनाची शक्ती १५० अश्वशक्ती आणि टॉर्क २५० न्यूटन-मीटर. त्याच गाड्या एक लिटरच्या लहान इंजिनासहही मिळू लागल्या; त्याची शक्ती ११५, टॉर्क १७८. मार्च २०२३ मध्ये आलेल्या ह्युंदाई वेर्नाच्या दीड लिटर टर्बोची शक्ती १६० आणि टॉर्क २५३. थांबलेल्या स्थितीतून ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठण्यास वेर्नाला आठ सेकंदांहून किंचित अधिक आणि व्हर्टसला नऊ सेकंदांच्या आसपास लागतात, असे त्यांचे निर्माते सांगतात. २००४ साली आपल्या देशात स्कोडाच्या ऑक्टाव्हिया आरएस या खास वेगवान गाडीत १५० अश्वशक्ती होती, आणि तिची नवलाई वर्तमानपत्रांतून वर्णिली जाई. तेवढेच बळ आज घरगुती सेडानमध्ये आले आहे. तेव्हा आकड्यांपुरती या गाड्यांनी फसवणूक केलेली नाही, हे निःशंकपणे म्हणता येईल.

परंतु अश्वशक्तीचा आकडा म्हणजे गाडीची संपूर्ण कुंडली नव्हे. घरच्या माणसाला जो ‘पिकअप’ हवा असतो, तो मुख्यत्वे टॉर्कवर, म्हणजे इंजिनाच्या पिळाच्या बळावर, अवलंबून असतो. आणि ते बळ किती फेऱ्यांवर हाती येते हे त्याहून महत्त्वाचे. २०२० सालच्या होंडा सिटीचे साधे पेट्रोल इंजिन घ्या. शक्ती १२१, म्हणजे कमी नाही. पण तिचा १४५ न्यूटन-मीटरचा पूर्ण टॉर्क मिनिटाला ४३०० फेऱ्यांवर मिळतो. म्हणजे इंजिन ओरडू लागल्याखेरीज त्याचा आवेश प्रकट होत नाही. उलट वेर्नाच्या टर्बो इंजिनाचा टॉर्क १५०० फेऱ्यांपासून आणि व्हर्टसचा १६०० पासून हाती येतो. टर्बो ही एक लहानशी चक्की असते. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने ती फिरते आणि इंजिनाच्या पोटात जादा हवा कोंबते. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक जळते, म्हणून बळ अधिक. मात्र चक्कीला वेग येण्यास क्षणभर लागतो. फेऱ्या फार उतरल्या असतील तर पाय दाबल्यानंतर गाडी एक श्वास घेते आणि मग उसळते. हा स्वभाव एकदा अंगवळणी पडला की त्रास होत नाही. न पडल्यास तो नेमका चुकीच्या क्षणी दगा देतो.

याच वर्गातील एका टर्बो गाडीतून आम्ही पाच जण मागील हिवाळ्यात इंदूरहून नाशकास गेलो. महू, मानपूर, खलघाटचा नर्मदेवरील पूल, सेंधवा, मग बिजासनचा घाट, आणि पुढे शिरपूर, धुळे, मालेगाव. हा आग्रा रोड आपल्या पूर्वजांच्या पायांखालचाच. बिजासनच्या चढणीवर, पाचही आसने भरलेली आणि वातानुकूलन चालू असताना, ट्रकांच्या रांगेमागून बाजूच्या पट्ट्यात निघायला गाडीला गिअरची ओढाताण करावी लागली नाही. सपाट रस्त्यावर शंभरच्या वेगाला इंजिन जवळजवळ निवांत होते आणि मागे बसलेल्यांना आपापसात स्वर न चढविता बोलता येत होते. आमच्या मते चपळ गाडीचे पहिले सुख हेच. तिला धावडवावे लागत नाही. बळ शिलकीत असल्यामुळे तिच्यात बसणाऱ्यांची दमणूक कमी होते.

दुसरे सुख ओव्हरटेकचे, आणि येथेच खरा धोकाही लपलेला आहे. आग्रा रोडसारखा दुभाजकाचा महामार्ग सर्वत्र नसतो. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरताना किंवा आंबोलीच्या रस्त्याने सावंतवाडीकडे जाताना समोरून येणारी वाहने आपल्याच रस्त्यावर असतात. थोडे गणित मांडू. समजा, समोरचा ट्रक ताशी पन्नासने चालला आहे. त्याच्या मागून निघून सुरक्षित अंतराने पुढे येण्यास त्याच्यापेक्षा पन्नास मीटर अधिक चालावे लागते. समोरून एक मोटार ताशी ऐंशीने येत आहे. साध्या गाडीला साठावरून शंभरवर जाण्यास आठ सेकंद लागतात असे धरल्यास हे ओव्हरटेक साडेआठ सेकंदांत होते, आणि प्रारंभी समोरचा रस्ता सुमारे ३५५ मीटर मोकळा असावा लागतो. चपळ गाडीला त्याच वेगवाढीस पाच सेकंद लागत असतील, तर काम पावणेसात सेकंदांत उरकते आणि २९० मीटर पुरतात. विरुद्ध बाजूस असण्याचा काळ पावणेदोन सेकंदांनी घटला. हे अंतर नुसते मौजेचे नव्हे. जीव वाचण्या-न वाचण्याचे अंतर कित्येकदा याहून कमी असते.

मग चपळ गाडी अधिक सुरक्षित ठरली, असेच ना? येथे थोडे थांबावे. हे आकडे मासिकांतून वा जाहिरातींतून येतात तेव्हा गाडीत बहुधा एकटा चालक असतो. गाडीचे वजन साडेबाराशे किलो आणि चालकाचे पंचाहत्तर धरले, तर एकूण सव्वातेराशे. पाच माणसे आणि साठ-सत्तर किलो सामान घेतले की तेच वजन साडेसोळाशेच्या पुढे जाते. इंजिन तेच, ओझे सव्वापट. म्हणून पिकअप सुमारे एक पंचमांशाने घटतो. वरच्याच उदाहरणात आता साडेसात सेकंद आणि ३२० मीटर लागतील. म्हणजे एकट्याने चालवून ज्याच्या डोळ्यांत २९० मीटरचे माप बसले आहे, त्याला घर भरून निघाल्यावर तीस मीटर कमी पडतात. ओव्हरटेकच्या अखेरीस आपली मोटार शंभरच्या जवळ आणि समोरची ऐंशीवर असते. त्या वेगाने तीस मीटर मिटण्यास अर्ध्या सेकंदाहून थोडासाच अधिक काळ लागतो. चढण असेल तर तूट आणखी वाढते.

आमच्या सांगण्याचे सार यातच आहे. कमजोर गाडीचा चालक जात्याच सावध असतो. तिच्या मर्यादा त्याला रोज जाणवतात. चपळ गाडी मात्र एकट्या चालकाला एक सवय लावते, आणि तीच सवय कुटुंब बरोबर असताना उणी पडते. अपेक्षाभंग गाडी करीत नाही. आपण एकट्याने बांधलेली अपेक्षा भरल्या घरावर लादतो, म्हणून तो घडतो. आठवडाभर एकटाच कार्यालयात जाणारा मुलगा रविवारी आई-वडिलांना आणि आजीला घेऊन निघतो, तेव्हा त्याच्या हाती तीच गाडी नसते, हे त्याला कोणीतरी सांगितले पाहिजे.

पळण्याइतकेच थांबण्याचेही शास्त्र आहे. गाडीत साठलेली गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ऐंशीऐवजी शंभरने जाणाऱ्या गाडीचा वेग केवळ सव्वापट असतो, परंतु ब्रेक दाबल्यावर लागणारे अंतर दीडपटीहून अधिक होते. कोरडा रस्ता, उत्तम टायर आणि सावध चालक धरूनही ऐंशीवर सुमारे पन्नास-पंचावन्न मीटर आणि शंभरवर पाऊणशे मीटर लागतात. इंजिनाने वेग वाढविणे सोपे केले तरी हा हिशेब कोणत्याही कारखान्याला बदलता आलेला नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांपैकी शंभरातील सत्तरांहून अधिक मृत्यूंच्या नोंदीत अतिवेग हे कारण होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही मोटारींना शंभरचीच मर्यादा आहे, घाटात त्याहून कमी. तेव्हा दीडशे-दोनशेच्या गोष्टी करणारी गाडी घेऊनही तिचा उपयोग शंभरच्या आतच करावयाचा आहे. त्या कक्षेत ती किती सहजतेने वागते, एवढेच पाहणे शहाणपणाचे.

या वर्गाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. दोन क्लचची स्वयंचलित गिअरपेटी मोकळ्या रस्त्यावर लोण्यासारखी चालते, पण मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या गर्दीत ती हिसके देते. सतत सरकत राहिल्यास कोरड्या क्लचची पेटी तापतेही. ज्यांचे अर्धे आयुष्य शहरातील गर्दीत जाते त्यांनी हे पाहूनच घ्यावे. व्हर्टसचे दीड लिटरचे इंजिन भार हलका असताना चारपैकी दोन सिलिंडर बंद ठेवून इंधन वाचविते, आणि प्रयोगशाळेतील तिचे ॲव्हरेज लिटरमागे अठराच्या वर आहे. परंतु टर्बोच्या बळाचा मोह आवरला नाही तर ते वेगाने खाली येते. काटकसर आणि चपळाई या दोन्ही एकाच पेडलखाली असतात, आणि पाय एकच असतो. २०२२ साली आली तेव्हा व्हर्टसच्या मागील चाकांना डिस्कऐवजी ड्रमचे ब्रेक होते. नामांकित वेगवान गाडीला ते शोभत नाहीत अशी टीका झाली, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. तथापि रोजच्या वापरात टायरांचा दर्जा आणि त्यांतील हवा यांवरच अधिक अवलंबून असते. मागच्या आसनावर दोघे ऐसपैस बसतात, तिसऱ्याला मात्र मधल्या उंचवट्याशी तडजोड करावी लागते. डिकी मात्र खरोखर उदार. व्हर्टसमध्ये ५२१ लिटर आणि वेर्नामध्ये ५२८ लिटर. लग्नाचे आहेर नेण्यास पुरेशी. अपघातातील संरक्षणाच्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत २०२३ साली या दोन्ही गाड्यांना पाच तारे मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण मागच्या प्रवाशांनी पट्टा न बांधल्यास त्या ताऱ्यांचा त्यांना फारसा उपयोग नाही.

ज्यांना अशी गाडी घ्यावयाची आहे त्यांना आमचे चार शब्द. विक्रेता फेरी मारण्यास गाडी देतो तेव्हा एकट्या मुलाला पाठवू नये. पाचही जणांनी बसावे. आजींना मागे बसवून, वातानुकूलन चालू ठेवून गावातील सर्वांत उभ्या पुलाची चढण घ्यावी आणि मध्येच वेग कमी करून पुन्हा उचलून पाहावा. नंतर जिथे सर्वाधिक गर्दी होते त्या चौकातून गाडी सरकवीत न्यावी. मोकळ्या व निर्जन रस्त्यावर, मागे कोणी नाही असे पाहून, एकदा ब्रेक जोराने दाबावा आणि गाडी सरळ रेषेत थांबते का ते पाहावे. तेथे समाधान झाले नाही तर जाहिरातीतील सेकंदांकडे पाहण्याचे कारण नाही.

गाडी घरी आल्यावरही तीन नियम पाळावेत. लांबच्या प्रवासास भरून निघताना टायरांतील हवा दारावरील वा टाकीच्या झाकणावरील पत्रकात पूर्ण भारासाठी जी दिली असेल तितकी भरावी. विशेषतः मागील टायरांत ती अधिक लागते. घाट उतरताना स्वयंचलित गाडीही हाताने खालच्या गिअरमध्ये ठेवावी, म्हणजे इंजिन वेग धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाहीत. आणि दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यावर, एकटे असताना जेवढी मोकळीक पुरेशी वाटते, तेवढी दिसली तरी कुटुंबासह असताना ओव्हरटेक करू नये. पुढच्या मोकळिकीची वाट पाहावी. चपळ गाडीत वाट पाहणे सोपे असते. कारण संधी आली की ती तत्काळ साधता येते.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देऊ. कॉन्टेसाच्या काळापासून जे आश्वासन आपल्याला दाखविले गेले आणि बहुतेक वेळा हुकले, ते आजच्या या सेडान गाड्यांनी पुष्कळ अंशी पाळले आहे. त्यांत बळ आहे, आणि ते रस्त्यावर जेथे लागते त्याच कक्षेत हाताशी आहे. ज्या घरात वर्षाकाठी पाच-सहा लांबचे प्रवास होतात, घाट आणि दुहेरी रस्ते ओलांडावे लागतात, त्या घराने या बळासाठी काही अधिक पैसे मोजले तर तो उधळेपणा म्हणता येणार नाही. ज्यांची गाडी शाळा, बँक आणि मंडई यांपलीकडे क्वचितच जाते, त्यांना एक लिटरचे धाकटे इंजिन किंवा सिटीचे शांत इंजिन पुरून उरेल. त्यांनी वाचलेले पैसे चांगल्या टायरांवर खर्च करावेत. मात्र बळ विकत घेताना त्याचा मालक घरातील एक जण नसून पाचही जण आहेत, हे विसरू नये. पागेत उत्तम घोडा बांधणे हे वैभवाचे लक्षण खरे. पण पाठीवर घरची माणसे बसली असताना त्याचा लगाम कोणाच्या हाती द्यावयाचा, हे आपल्याकडे घरातील वडीलधारीच ठरवीत आली आहेत. गाडीची किल्ली देतानाही तीच रीत चालू ठेवावी, असे आम्हांस वाटते.